उद्योगी मुलाची गोष्ट

१

सणासुदीच्या अंकात अपघात, रक्त आणि प्रेते यांच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ज्या घरात फराळाची ताटे मांडली जातात त्याच घरात, आणि बहुधा त्याच खोलीत, टीव्हीही चालू असतो. ताटावरून नजर उचलली की समोर काय दिसते हे आपण सारेच जाणतो. म्हणून ‘नाइटक्रॉलर’ या अमेरिकन चित्रपटाविषयी चार शब्द लिहायला दिवाळीचा मुहूर्त अगदीच गैर आहे असे मला वाटत नाही.

डॅन गिलरॉय यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक म्हणून हे त्यांचे पहिलेच काम. त्यांच्या पटकथेला ऑस्कर पारितोषिकाचे नामांकनही मिळाले. सारी कथा लॉस एंजेलिस शहरात घडते, आणि तीही बहुतेक रात्री. अपघात, आगी, खून यांचा सुगावा लागताच गाडी पिटाळीत तेथे जायचे, चित्रण करायचे आणि पहाटेच्या बातमीपत्रासाठी ते वाहिन्यांना विकायचे, असा धंदा करणारी माणसे त्या शहरात खरोखरच आहेत. त्यांच्यातल्याच एकाची ही गोष्ट. रात्री ओल्या मातीतून वर येणाऱ्या गांडुळालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शीर्षकातला उपरोध कळतो.

या चित्रपटाविषयी बोलताना, स्थानिक वृत्तवाहिन्यांच्या भडकपणावर त्यात कोरडे ओढले आहेत, एवढे सांगून लोक थांबतात. हे खरे आहे, पण अर्धेच खरे. भडक बातम्या वाईट असतात हे सांगण्यासाठी दोन तासांचा चित्रपट कशाला हवा? ते आपल्याला ठाऊकच असते, आणि ठाऊक असूनही आपण त्या बातम्या पाहतोच. माझ्या मते गिलरॉय यांनी याहून अवघड गोष्ट केली आहे. त्यांनी एका सद्गुणी माणसाचे चित्र काढले आहे, आणि ते पाहताना आपल्या अंगावर काटा येतो.

२

लू ब्लूम हा तरुण प्रथम दिसतो तो चोर म्हणून. रेल्वेच्या आवारातले तारेचे कुंपण तो कापून नेत असतो. रखवालदार हटकतो, तेव्हा लू त्याच्यावर झडप घालतो, आणि पुढच्याच प्रसंगात त्या रखवालदाराचे घड्याळ लूच्या मनगटावर दिसते. चोरलेले भंगार विकून झाल्यावर तो त्या खरेदीदाराकडेच नोकरी मागतो. आपण कष्टाळू आहोत, आपली ध्येये उंच आहेत, चिकाटीही आहे, असे एक छोटेसे भाषणच तो करतो. चोराला मी कामावर ठेवीत नाही, असे उत्तर मिळते. लूला राग येत नाही. तो हसतो आणि निघून जातो.

त्याच रात्री हमरस्त्यावर एक मोटार पेटलेली त्याला दिसते. पोलीस आतल्या बाईला बाहेर ओढीत असतात आणि एक माणूस, त्यांना कसलीही मदत न करता, खांद्यावरच्या कॅमेऱ्याने ते टिपीत असतो. लू त्याला या धंद्याविषयी दोन-चार प्रश्न विचारतो. दुसऱ्या दिवशी एक महागडी सायकल चोरून, तिच्या बदल्यात तो एक कॅमेरा आणि पोलिसांचे बिनतारी संदेश ऐकण्याचा संच मिळवतो. धंदा सुरू होतो.

पुढची प्रगती मोठी शिस्तबद्ध आहे. कोणत्या सांकेतिक आकड्याचा अर्थ काय, कोणत्या रस्त्याने लवकर पोहोचता येते, कोणते दृश्य विकले जाते आणि कोणते पडून राहते, हे तो घोकून घोकून शिकतो. राहायला धड जागा नसलेल्या रिक नावाच्या एका गरजू मुलाला तो रात्रीच्या तीस डॉलरांवर उमेदवार म्हणून ठेवतो. गोळीबार झालेल्या एका घरात शिरून, भिंतीशी असलेल्या फ्रिजवरचे कुटुंबाचे फोटो तो गोळीच्या भोकाशेजारी सरकवतो आणि मग चित्रण करतो. एका अपघाताच्या जागी तो पोलिसांच्याही आधी पोहोचतो. रस्त्यावर पडलेला माणूस चौकटीत नीट बसत नाही असे पाहून तो त्या देहाला पायांनी धरून दिव्यांच्या उजेडात ओढतो.

या प्रसंगी वाजणारे पार्श्वसंगीत लक्ष देऊन ऐकावे. जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी तेथे भीतीचे सूर लावलेले नाहीत. उलट एखाद्या वीराने गड सर करावा तसे ते संगीत चढत जाते. पहिल्यांदा ऐकताना ही चूक वाटते. मग उमगते की ते आपल्यासाठी वाजत नाही, लूच्या मनात वाजते आहे. त्या क्षणी त्याच्या दृष्टीने काहीही वाईट घडत नसते. एक होतकरू तरुण आपले काम अधिक चांगले करायला शिकत असतो.

३

मी शाळामास्तर आहे. आमच्यासारख्या कित्येक शाळांच्या व्हरांड्यात सुविचारांचा एक फळा असतो. श्रमाला पर्याय नाही, वेळ पाळावी, अपयशाने खचू नये, ध्येय ठरवून त्याचा पाठपुरावा करावा, मिळेल तेथून ज्ञान घ्यावे, ही वाक्ये पाळीपाळीने त्यावर उमटतात. उद्योगाच्या घरी रिद्धिसिद्धी पाणी भरतात ही म्हण तर आपण सर्वांनीच वळणदार अक्षरात गिरवलेली आहे. ‘नाइटक्रॉलर’ पाहिल्यावर या फळ्यावरचे एकेक वाक्य मी लू ब्लूमला लावून पाहिले. प्रत्येक वाक्य त्याला लागू पडते. तो आळशी नाही, उर्मट नाही, आवाज चढवीत नाही. कपड्यांना स्वतः इस्त्री करतो, खिडकीतल्या एकुलत्या एका रोपाला पाणी घालतो. चुकला तर चूक सुधारतो, कमावलेला पैसा अधिक चांगल्या साधनांत घालतो. वर्गात असा मुलगा असता तर त्याला पहिल्या बाकावर बसवले असते.

त्याची भाषाही पाहण्याजोगी आहे. तो बोलतो ते यशाच्या गुरुकिल्ल्या सांगणाऱ्या पुस्तकांसारखे. अर्धपोटी उमेदवाराला तो ‘कामगिरीचा आढावा’ देतो, ‘वाटाघाटी’ शिकवतो, ‘कंपनी’च्या भवितव्याविषयी सांगतो, आणि ही कंपनी म्हणजे एक जुनी मोटार व त्यात बसलेले दोघे जण. हे ऐकून प्रथम हसू येते. गिलरॉय यांच्या लेखणीची धार येथे दिसते, कारण हे हसू हळूहळू घशात अडकू लागते. लूच्या तोंडी खोटे असे फारसे काही नसते. ती वाक्ये जगातल्या हजारो कचेऱ्यांत रोज बोलली जातात. त्याचा दोष एवढाच, की ती वाक्ये तो शब्दशः खरी मानतो.

लू सांगतो की आपले रीतसर शिक्षण फारसे झालेले नाही. संगणकासमोर बसून शोधले तर काय वाटेल ते शिकता येते. माझे शिक्षणही मॅट्रिकपाशी थांबले, त्यामुळे स्वतःच्या हिकमतीवर शिकणाऱ्याविषयी मला पहिल्यापासून आपुलकी. चित्रपटाच्या आरंभी ती लूकडेही जाते, आणि मला वाटते ती जावी अशीच दिग्दर्शकाची इच्छा आहे. कारण मग प्रश्न उभा राहतो: या मुलाने इतके सारे शिकले, त्यात काय शिकायचे राहिले? त्याच्या अभ्यासक्रमात ‘कसे करावे’ याचे सर्व पाठ होते. ‘काय करू नये’ याचा एकही नव्हता. तो पाठ पुस्तकात सापडत नाही. तो कोणाच्या तरी सहवासात, कोणाच्या तरी दुःखाशेजारी बसून शिकावा लागतो. आणि लूच्या आयुष्यात माणूसच दिसत नाही. त्याला आई नाही, भाऊ नाही, गाव नाही, गतकाळ नाही.

कादंबरी लिहिणाऱ्याला येथे थोडे थबकावेसे वाटते. खलपुरुष रंगवताना आम्ही त्याला एखादी जखम देतो: लहानपणी मार खाल्ला, उपाशी राहिला, कोणी फसवले. त्याने वाचकाला हायसे वाटते, कारण दुष्टपणाला कारण सापडते. गिलरॉय हा दिलासा देत नाहीत. लू असा का झाला, याचे एकही कारण ते सांगत नाहीत. म्हणून आपण कारण बाहेर शोधू लागतो, आणि ते सापडते त्याचा माल विकत घेणाऱ्या दुकानात.

४

ते दुकान म्हणजे तळाशी गेलेली एक वृत्तवाहिनी, आणि पहाटेच्या बातमीपत्राची प्रमुख नीना. रेने रुसो यांनी ही भूमिका फार समजून केली आहे. नीना कजाग नाही, मूर्ख तर मुळीच नाही. ती या धंद्यात मुरलेली, उतरत्या वयाची, नोकरीचा करार संपत आलेली बाई आहे. आपल्याला काय हवे ते ती लूला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते. गुन्हा हवा, पण गरीब वस्तीतला नको. मार खाणारे खात्यापित्या घरचे आणि गोरे असावेत, मारणारे गरीब किंवा परक्या वंशाचे असावेत. शहराची गुन्हेगारी उपनगरांच्या शांत घरांत शिरते आहे, ही एकच गोष्ट तिला रोज नव्याने सांगायची असते. गळा चिरलेली बाई किंचाळत रस्त्याने धावते आहे, असे आपले बातमीपत्र असावे, अशी तिची स्वतःचीच उपमा आहे.

ही अतिशयोक्ती म्हणावी, तर लू चित्रपटात एके ठिकाणी आकडा सांगतो: स्थानिक कारभार, अंदाजपत्रक, शिक्षण, वाहतूक या सर्वांना मिळून बातमीपत्रात बावीस सेकंद मिळतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. लॉस एंजेलिसच्या वाहिन्यांवरील बातमीपत्रांचा अभ्यास करून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नॉर्मन लिअर केंद्राने २०१० साली अहवाल दिला होता. अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात स्थानिक कारभाराच्या वाट्याला सरासरी २२ सेकंद येतात, असेच त्यात आढळले होते. बावीस सेकंदांत आमच्या वर्गाची हजेरीदेखील होत नाही.

शिवाय हे शहर या धंद्याचे माहेरघर आहे. १९४९ च्या एप्रिलमध्ये जवळच्या सॅन मरीनो गावी तीन वर्षांची एक मुलगी जुन्या विहिरीत पडली. केटीएलए वाहिनीने तिला वाचवण्याची धडपड सुमारे सत्तावीस तास थेट दाखवली. मुलगी वाचली नाही, पण लोकांना टीव्हीपुढे खिळवून कसे ठेवता येते हे त्या दिवशी कळले. १९५८ मध्ये याच वाहिनीने बातम्यांसाठी हेलिकॉप्टर आणले. १९९४ च्या जूनमध्ये खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन या खेळाडूच्या मोटारीचा पाठलाग साऱ्या देशाने पाहिला. १९९८ मध्ये तेथल्या एका हमरस्त्यावर एका माणसाने स्वतःवर गोळी झाडून घेतली, तीही थेट पडद्यावर. काही वाहिन्यांनी त्यासाठी मुलांचे कार्यक्रम थांबवले होते. तेव्हा गिलरॉय यांना फारसे काही रचावे लागलेले नाही. त्यांनी तर बातम्या सांगायला तेथल्या खऱ्याच वृत्तनिवेदकांना बसवले आहे.

चित्रपटाचा कणा म्हणजे ग्रॅनडा हिल्स या उपनगरातल्या एका बंगल्यातले हत्याकांड. लू पोलिसांच्या आधी पोहोचतो, मारेकऱ्यांना टिपतो, आत जाऊन एकेका खोलीतून प्रेते टिपतो. वाहिनीला तो प्रेते विकतो. मारेकऱ्यांचे चेहरे मात्र पुढच्या बातमीसाठी राखून ठेवतो. नंतर गर्दीच्या ठिकाणी पोलिसांशी त्यांची गाठ घालून देतो, म्हणजे चकमक कॅमेऱ्यासमोर व्हावी. तोवर बक्षिसाच्या पैशात निम्मा वाटा मागण्याइतका रिक धीट झालेला असतो. वाटाघाटी त्याला लूनेच शिकवलेल्या. पाठलागाच्या अखेरीस उलटलेल्या मोटारीतला मारेकरी मेला आहे असे सांगून लू रिकला जवळून चित्रण करायला पाठवतो. मारेकरी जिवंत आहे हे त्याने पाहिलेले असते. गोळी सुटते, आणि लू मरणाऱ्या रिकच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरून उभा राहतो.

परंतु मला सर्वांत भयंकर वाटला तो प्रसंग यानंतरचा आहे, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही. त्या बंगल्यात कोकेनचा साठा सापडल्याची खबर वृत्तकक्षात येते. म्हणजे निरपराध कुटुंबावर परक्यांनी घाला घातला, ही गोष्टच खोटी ठरते. तो मादक द्रव्यांच्या व्यापारातला आपसातला हिशेब होता. सहकारी म्हणतो, ही खरी बातमी. नीना ती बाजूला सारते, कारण तिने आपली गोष्ट बिघडते. या धंद्यात काय विकले जाते हे येथे कळते. आपण समजतो रक्त. पण रक्त हे नुसते वेष्टन. आतला माल असतो भीती, आणि तीही शेजाऱ्याची, दाराबाहेरच्या गरिबाची. त्या सकाळी लॉस एंजेलिसच्या घराघरांत लोकांनी दाराच्या कड्या पुन्हा तपासल्या असतील. त्यांना भ्यायला लावणारी गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असलेली माणसे तेव्हा एकमेकांचे अभिनंदन करीत होती.

५

एवढी स्तुती केल्यावर एक तक्रारही नोंदवली पाहिजे. जेक जिलेनहाल यांचा लू विलक्षण आहे यात शंका नाही. या भूमिकेसाठी त्यांनी बरेच वजन उतरवले. रात्री शहराच्या कडेने भक्ष्य हुंगत हिंडणारा कोयोट, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला होता. खोल गेलेले डोळे, क्वचितच मिटणाऱ्या पापण्या, ओठांवर चिकटवल्यासारखे हसू. परंतु हे इतके प्रभावी आहे की त्यातूनच प्रेक्षकाला एक पळवाट मिळते. हा कोणी विकृत माणूस आहे, आपल्यातला नव्हे, असे म्हणून तो घरी जाऊ शकतो. लू थोडा अधिक साधा, थोडा अधिक गोड दिसता, तर चित्रपट अधिक बोचला असता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गिलरॉय यांनी या कथेची प्रेरणा म्हणून वीजी या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या आर्थर फेलिग या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराचा उल्लेख केला आहे. १९३८ पासून त्याच्या मोटारीत पोलिसांचा बिनतारी संच असे, आणि खून झालेल्या जागी तो पोलिसांबरोबर किंवा त्यांच्याही आधी हजर होई. त्याचे १९४१ सालचे एक छायाचित्र आहे: ‘त्यांचा पहिला खून’. त्यात प्रेत नाही. आहेत ती प्रेत पाहायला लोटलेली माणसे, त्यांत बरीचशी मुले. कोणी मान उंचावते आहे, कोणी चक्क हसते आहे, आणि मध्ये एक बाई ऊर फुटून रडते आहे. वीजीने कॅमेरा पाहणाऱ्यांकडे वळवला. बिली वायल्डर यांनीही १९५१ च्या ‘एस इन द होल’मध्ये तेच केले. गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका एक बातमीदार मुद्दाम लांबवतो, तोवर बाहेर बघ्यांची जत्रा भरते, पाळणे फिरू लागतात.

‘नाइटक्रॉलर’मध्ये हे बघे कोठे आहेत? विकणारा आहे, घेणारी आहे, मेलेले आहेत. ज्याच्यासाठी हा सारा बाजार भरला तो घरातला प्रेक्षक मात्र पडद्यावर जवळजवळ येतच नाही. ही उणीव मला बराच काळ खटकली. नंतर मात्र वाटू लागले की ही रिकामी जागा खरीही आहे. १९४१ चे बघे रस्त्यावर होते, त्यांचे छायाचित्र काढता येत होते, त्यांना लाजही वाटू शकत होती. आजचे बघे आपापल्या घरात, दार लावून, जेवता जेवता पाहतात. त्यांची जत्रा कोठेच भरत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त दर्शकांचा आकडा. नीना ज्याला भिते तो हाच आकडा, आणि तो आपण बोटाच्या टोकाने तयार करतो.

हे दूरदेशीचे आहे असे समजण्याचीही सोय नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखवल्या, आणि सीमेपलीकडून हल्लेखोरांना हुकूम देणारे ते चित्रण पाहत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल वाहिन्यांना कठोर शब्द सुनावले, आणि यात राष्ट्रहित नसून स्वतःचा व्यापारी स्वार्थ होता असे म्हटले. न्यायालयासमोर वाहिन्या होत्या. आपण, जे ते तीन दिवस पडद्यासमोरून हललो नाही, कोणत्याच न्यायालयासमोर नव्हतो.

६

वायल्डर यांचा बातमीदार अखेरीस मरतो. मरण्यापूर्वी त्याला आपल्या पापाची जाणीवही होते. १९७६ च्या ‘नेटवर्क’मध्येही शेवट रक्ताने आणि धिक्काराने होतो. जुन्या उपरोधाला न्यायाची आशा होती. गिलरॉय यांनी ती सोडून दिली आहे. पोलिसांना संशय येतो, पण पुरावा मिळत नाही. शेवटच्या प्रसंगात लूपाशी दोन नव्या गाड्या आहेत आणि तीन नवे उमेदवार रांगेत उभे आहेत. जे मी स्वतः करणार नाही ते तुम्हाला करायला सांगणार नाही, असे आश्वासन तो त्यांना देतो. वाक्य उत्तम आहे. फळ्यावर लिहून ठेवावे इतके उत्तम. फक्त ते ऐकताना रिक आठवतो.

लू ब्लूमला कॅमेरा उचलणे, रोखणे, चौकट जुळवणे सारे येते. साऱ्या चित्रपटात एकच गोष्ट त्याला जमत नाही: समोर माणूस मरत असताना कॅमेरा खाली ठेवणे. त्यासाठी कौशल्य लागत नाही, चिकाटी लागत नाही, ध्येय तर मुळीच लागत नाही. रस्त्यावरच्या कोणाही अडाणी माणसाला ते जमते; पडलेल्याला पाहून तो हातातली पिशवी टाकतो आणि धावतो. आपल्या मुलांना उद्योगी करण्याची घाई आपल्या सर्वांनाच असते आणि ती असावीही. पण ती पिशवी टाकून धावणे आपल्या मुलांच्या अंगात आहे की नाही, हे कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने घरीच पाहायचे असते, आणि त्याआधी घरातला टीव्ही थोडा वेळ बंद करायचा असतो.